वाफ धरलेल्या काचेआडून बावड्यापर्यंत

उजनी धरणाचं पाणी बघायला म्हणून मी चिपळूणहून निघाले, आणि ते पाणी न बघताच परत आले. शेजारच्या बायका अजून विचारतात, "काय हो, कसा झाला प्रवास?" मी म्हणते, बरा झाला. बरा कसला डोंबल! पण जिन्यात उभं राहून सांगायची ती गोष्ट नाही, म्हणून ही लिहून काढते आहे. तिकडे कधी न गेलेल्यांना रस्ते, जेवण, माणसं यांची थोडी माहितीही होईल. बाकीचं ज्याने त्याने ठरवावं.

उभा जन्म मी पोस्टात काढला. माझ्या शेजारच्या टेबलावर सुनंदा होती. तिचं माहेर मोरगावचं. ती सारखी म्हणायची, "मॅडम, निवृत्त झालात की आमच्या गावी जा. गणपती होईल, पुढे इंदापूरला उजनी बघा. तात्या आणि आई दोघंच असतात, त्यांनाही बरं वाटेल." ह्यांच्या मागे आमची छोटी गाडी मीच चालवते. पोरं रागावतात, मी ऐकत नाही. सप्टेंबर सरत आला होता. पाऊस संपला असं समजून निघाले.

मोरगाव

पोचले तेव्हा चार वाजले होते. डोळ्यांना आमच्याकडच्या हिरव्या रानाची सवय, त्यामुळे तो सगळा माळ मला आधी उघडाबोडकाच वाटला. बाजरी उभी होती, मध्येच ज्वारीसाठी नांगरून ठेवलेली काळी रानं, आणि एसटी स्टँडच्या छपराखाली माणसांपेक्षा शेरडं जास्त. गणपतीचं दर्शन निवांत झालं. देवळाबाहेर पडले आणि आभाळ भरून आलं.

तात्या म्हणजे सुनंदाचे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, धोतर-सदरा-टोपी, आणि मुठीत कायम तंबाखूची चंची. बोलणं मोजकं. काकूंचं, म्हणजे सुनंदाच्या आईचं, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला काळा चष्मा. तरी बाईने हुलग्याची शेंगोळी केली होती. लसूण-मिरचीच्या रश्शात शिजलेली, बोटाएवढी, तिखटजाळ. आम्ही भातवाले लोक! दुसऱ्या वाडग्याला माझ्या नाकातून पाणी यायला लागलं, तशा काकू हसून म्हणाल्या, "घ्या वो म्याडम, पाऊस बाहीर बी आन् आत बी."

पाऊस रात्रभर पडत होता. आमच्याकडे असा पाऊस म्हणजे नेहमीचाच, पण इथे सकाळी तात्या पडवीत उभे राहून आडव्या पडलेल्या बाजरीकडे बघत होते. "नको तवा येतोय," एवढंच म्हणाले.

नऊच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. भाचा बोलत होता, बावड्याहून. तात्यांनी ऐकलं, "व्हय," म्हणाले, परत "व्हय," म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांची धाकटी बहीण हिराक्का पहाटे गेली होती.

इथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. भावाने ते स्वतः घ्यायचं, स्वतः आणायचं. कोरं हवं, एकदाही धुतलेलं चालत नाही. ते येईपर्यंत बाईला उचलत नाहीत. भाच्याने सांगितलं होतं, "मामा, तुमी येस्तवर थांबतो, पर मसणवाटंकडच्या वढ्याला पाणी चढतंय. चारच्या आत उचलाय लागंल. न्हाय पोचलात तर मग घरचंच नेसवू." आमच्याकडे असलं काही नाही. माझ्या आईला आम्ही तिच्या आवडीची जांभळी साडी नेसवली होती, कुणी काही विचारलं नव्हतं. पण काकू मला आत घेऊन डोळ्यांवरचा चष्मा सावरत म्हणाल्या, "म्याडम, सासरच्या लुगड्यात गेली तर लोक म्हणतील, हिच्या मागं कुनीच नव्हतं. दोन सालं झाली, गुडघ्यापायी हे भाऊबीजंला गेलं न्हाईत. तिनं लई वाट बघितली."

तात्या तोवर भर पावसात बाहेर पडले होते. छत्री न घेता. कापडाच्या दुकानाचं शटर उघडेपर्यंत ते पायरीवर उभे होते म्हणे. परत आले ते निथळत, छातीशी कागदात गुंडाळलेलं लुगडं घेऊन, आणि दारातच थांबले. काकू म्हणाल्या, कापडं बदला. तर म्हणाले, "हे हातात घिऊन उंबरा वलांडायचा न्हाय. इष्टी कदी हाय?"

एसटी बारामतीला बदलायची, इंदापूरला बदलायची, आणि त्या पावसात येईल तेव्हा खरी. मी किल्ली उचलली.

बारामतीच्या अलीकडे

मी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी मांडीवर ठेवून दिला. "अंगावरच वाळंल." माझ्याशेजारी भिजलेलं धोतर, भिजलेला सदरा, भिजलेली टोपी, आणि चारी काचा बंद. पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली.

आता मी कोकणातली. ओल म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा! घरात पापडाला, पुस्तकाला, भिंतीला ओल धरते. काचेचं काय घेऊन बसलात? मागच्या सीटवर पिवळं फडकं असतं, ते घेतलं आणि पुसली काच. पुसली की धरते, पुसली की धरते. माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली, तेव्हा जरा निवळली. तात्यांना म्हटलं, तुमचीही करा. त्यांनी केली, तर पाऊस तिरपा आत आला आणि थेट मांडीवरच्या पुडक्यावर. कागद भिजून फाटला. तात्यांनी घाईघाईने काच वर केली आणि हिरवं लुगडं मागच्या सीटवर ठेवलं. "हितं नको. माझ्यानंच भिजंल."

एसी लावावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. एसी उन्हाळ्यात लावतात. पावसात, कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर गार हवा सोडायची म्हणजे काय!

वाटेत एका टपरीवर थांबले. चहा तात्यांनी घेतला नाही. शेजारी उभ्या मालट्रकच्या ड्रायव्हरने आमच्या काचेकडे पाहून फुकटचा सल्ला दिला, "मावशी, तंबाकू चोळा. वाफ धरनार न्हाय." तात्या इतक्या वेळात पहिल्यांदा जरा हलले. आपल्या हातून काहीतरी होतंय याचं बरं वाटलं असावं. त्यांनी चंची काढली, तळव्यावर तंबाखू घेतली, आणि साठ वर्षांच्या सवयीने बोटाने चुना काढून ती मळलीही! माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांनी ती ओली करून आतून काचेवर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चोळली होती. तपकिरी पाणी, त्यात पांढरे फराटे. "चुना कशाला लावलात, तात्या?" म्हटलं, तर हाताकडे बघत राहिले. "ध्यानात न्हाय आलं."

दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पिवळ्या फडक्याने पुसायला गेले, तर ते आधीच चिंब. सगळं आणखी सारवलं गेलं. फडकं मागे फेकलं आणि निघाले, कारण साडेअकरा होऊन गेले होते.

पुढे कन्हेरीचा फाटा विचारणारा एक मोटारसायकलवाला मध्येच आडवा आला. मी ब्रेक मारला, दोघंही जोराने श्वास टाकत बसलो, आणि काच क्षणात पूर्ण आंधळी झाली. समोरून ट्रकचे दिवे, नुसते दोन पिवळे डाग, आणि हॉर्न. रस्त्याची कड दिसेना. तात्या दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. मी डावा हात मागे टाकला, चाचपडत जे कापड हाताला लागलं ते ओढलं आणि खसाखसा काच पुसली. ट्रक अगदी घासून गेला. आम्ही वाचलो.

मग हातातलं कापड दिसलं. हिरवं होतं.

मी गाडी कडेला घेतली. पदराचं टोक होतं ते. वीतभर जागेत तपकिरी डाग, आणि त्यातून बोटांच्या खुणांसारखे चुन्याचे पट्टे. तात्यांनी तोंडावरचे हात न काढताच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. पदर आत दुमडला, माझ्या कोरड्या ओढणीत लुगडं गुंडाळलं आणि मागे ठेवून दिलं.

बारामती

बारामतीचे रस्ते रुंद आणि सरळ, दुभाजकावर झाडं, आणि दुकानांच्या पाट्या भिजून चमकत होत्या. लोक म्हणतात बघण्यासारखं शहर आहे. मला फक्त एक पाटी हवी होती, गाडी दुरुस्तीची. मिळाली. शकीलभाई नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी दार उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाले, "म्याडम, हे बटन किती दिवस दाबल्यालं हाय?"

बटणावर गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण. घाटात मागे कधीतरी ट्रकचा धूर आत येत होता म्हणून ह्यांनी दाबलेलं. म्हणजे कित्येक वर्षं!

"म्हंजे बाहेरची हवा आतच येत न्हाय. तुमचा श्वास, बाबांचं वलं धोतार, सगळी वाफ आतल्या आत फिरतीया. आन् एसी?"

"पावसात एसी?"

"पावसातच की! एसी हवेतलं पानी वढून घेतो. आन् बाबांना थंडी वाजू नये म्हनून हे गरमकडं फिरवायचं. दोनी एकदम चालतंय. वारा काचंवर." त्यांनी चार गोष्टी केल्या. बटण सोडलं, एसी लावला, लाल खुणेकडे चकती फिरवली, वारा काचेकडे वळवला. मग साबणाच्या पाण्याने तंबाखूची काच धुऊन कोरड्या वर्तमानपत्राने पुसली. पायांखालचं ओलं पायपुसणं उचलून डिकीत टाकलं. बघता बघता काच अशी निवळली, की समोरच्या भिंतीवरची पाल दिसली. नऊ वर्षं मी त्या गाडीत बसते आहे. एक चकती फिरवायची होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तात्या गाडीतच बसले होते, गरम वाऱ्यापुढे दोन्ही तळवे धरून. मी शकीलभाईंना बाजूला घेतलं आणि डाग दाखवला. दुसऱ्या कुणाला दाखवणार होते? त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, बघितलं, आणि लगेच लुगड्यावरून हात मागे घेतला.

"आमच्यातबी कफन बाईच्या माहेरकडनंच येतं," ते हळू आवाजात म्हणाले. "धुऊ नका. धुतलं की कोरं राहत न्हाय. म्याडम, बाबांना सांगून टाका. हितं मागं कापडाची गल्ली हाय, ते सोताच्या हातानं दुसरं घेतील. अर्धा घंटा जाईल."

"सांगते," मी म्हणाले.

गाडीपाशी आले तर तात्यांचा फोन वाजत होता. भाच्याचा आवाज मलाही ऐकू आला. "मामा, कुठवर आलायसा? पानी पुलाच्या कडंला लागलंय." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ते डोळे बघून मी गाडीत बसले आणि सुरू केली. घाई होती, हे खरं. पण अर्धा तास काढता आला असता, हेही खरं. मला भीती वाटली, बाकी काही नाही.

इंदापूरच्या वाटेवर

आता सगळं लख्ख दिसत होतं. दोन्हीकडे ऊस, पाण्याने वाकलेला. निमगावपाशी पानमळे, त्यांच्या कडेला शेवग्याची आणि पांगाऱ्याची झाडं. चिखलातून जाणारी शाळेची मुलं डोक्यावर खताची पोती खोळीसारखी घेऊन चालली होती. आमच्याकडे पूर्वी इरलं घ्यायचे, तसंच. असं काही एरवी दिसलं तर मी थांबते, विचारपूस करते. त्या दिवशी नुसती बघत गेले.

धोतर वाळायला लागलं, तसे तात्या बोलायला लागले. गाडीत ओल्या कापडाचा आणि तंबाखूचा वास भरला होता.

"हिरी लई टापटिपीची," ते म्हणाले. "ल्हान असताना माझा सदरा मळला तर आईच्या आदी ती वरडायची. लगीन झाल्यावर पयल्यांदा मी बावड्याला गेलो, तर मला दारातच उभं केलं. म्हनली, दादा, सासरी आलाईस, मळकी टोपी घालून आत येऊ नगंस. सोताच्या हातानं टोपी धुऊन वाळवून दिली, मग आत घेतलं."

ते हसले. मग रडले. मी स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. सांगायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. इंदापूर अजून पुढे होतं, तिथेही कापडाची दुकानं असणारच. 'तात्या, माझ्या हातून एक चूक झाली,' एवढंच वाक्य. पोस्टात हरवलेल्या मनीऑर्डरींबद्दल किती माणसांना तोंडावर खरं सांगितलंय मी! पण ते डोळे पुसत म्हणाले, "हिरवं घेतलंय. तिला हिरवंच लागायचं. शेवटचं तरी माझ्या हातनं झ्याक झालं." आणि माझ्या तोंडातलं वाक्य आतच राहिलं.

इंदापूर गेलं. उजनीच्या पाण्याकडे जाणारा रस्ता डावीकडे राहिला. मी तिकडे मानही वळवली नाही.

बावडा

सव्वातीनला पोचलो. गाव चांगलं मोठं, बाजारपेठ, पक्की घरं. हिराक्काच्या दारात माणसं छत्र्या घेऊन उभी होती. गाडी दिसताच कुणीतरी ओरडलं, "आले! माह्यार आलं!" आणि आतून बायकांचा हुंदका एकदम वर चढला.

मी बाहेरच थांबणार होते. तर एक वयस्क बाई पुढे आली. "माहेरची बाई कोन आलीया? वयनी न्हाय आल्या? मग तुमीच या. लुगडं माहेरच्या बाईनंच उलगडायचं." काकू नव्हत्या, म्हणजे माहेरची बाई मी! चिपळूणची, कोण कुठली. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी मला हाताला धरून आत नेलंही.

हिराक्का बारीक चणीची होती. मोठ्या कपाळावर कुंकू. खोली स्वच्छ, भांडी ओळीने लावलेली, भिंतीवर दिनदर्शिकाही सरळ. सुनेने आणि मी लुगडं नेसवलं. नऊवारात कापड पुष्कळ असतं. मी पदराचं टोक आतून घेतलं, दुमडलं, कुशीखाली सरकवलं. मी मान खाली घालूनच बसले. सुनेला वाटलं, मला रडू येतंय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग तात्यांना आत बोलावलं. बहिणीच्या डोक्यावरून पदर भावाने घ्यायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. पदर कुठे आहे ते शोधलं, कुशीखालून हळूच ओढून काढला, झटकून सरळ केला, आणि तो डाग सगळ्यांसमोर आला. तात्यांनी ते टोक जवळ घेऊन बघितलं. मग नाकाशी नेलं.

"माझी तंबाकू हाय," ते म्हणाले. "माझाच हात लागला असंल. चुन्याचा." त्यांनी स्वतःचा उजवा तळवा उलटा करून बघितला. "हिरे, शेवटचं लुगडं बी म्या मळकं आनलं गं."

सून म्हणाली, "असू द्या मामा. तुमी आलात, बास झालं."

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. दारातली वयस्क बाई, सून, तात्या, तिघांचीही तोंडं मला दिसत होती. मी बोलले नाही.

तात्यांनी डागाची बाजू आत घेऊन पदर तिच्या डोक्यावरून ओढला. चारच्या आत उचललं. ओढ्याच्या पुलावर घोट्याएवढं पाणी होतं म्हणे. माणसं एकमेकांना धरून गेली.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी आली. माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे आणतात आणि आग्रहाने पहिला घास भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. आमच्याकडेही शेजारी जेवण आणतात, पण वाढून निघून जातात. इथे त्या बाईने माझ्याही तोंडात घास भरवला, "माहेरची तुमी," म्हणत. तो मी गिळला.

चिपळूण

तात्या दहाव्यापर्यंत तिथेच राहिले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. त्यांनी गाडीपर्यंत येऊन हात जोडले, मी काच वर केली.

परवा सुनंदाचा फोन आला. आवाजात आनंद होता. "मॅडम, तुम्हाला सांगायचं राहिलं. तात्यांनी तंबाखू सोडली! आईने जन्मभर डोकं फोडलं, तेव्हा ऐकलं नाही. बावड्याहून आले आणि चंची ओढ्यात टाकून दिली. कारण सांगत नाहीत. सारखे हात तेवढे धुतात, जेवायच्या आधी, नंतर, मध्येच. थांबा, इथेच आहेत, बोला."

तात्या फोनवर आले.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमी गाडी काडली म्हनून भन माहेरच्या लुगड्यात गेली. तुमचं उपकार हाईत. डाग तेवढा माझ्या हातनं पडला."

पलीकडे ते वाट बघत होते. मी म्हटलं, "तब्येतीला जपा, तात्या."